पाटणादेवीच्या खोऱ्यात पहिल्यांदा चालायला जाताय? मग आधी एवढं वाचून घ्या

नवरात्र संपलं की मला दरवर्षी चार-पाच फोन ठरलेले. "पाटणादेवीला ट्रेकला जायचंय, लोकेशन टाक ना." आता लोकेशन टाकून काय होणारे, मंदिरापर्यंत तर गाडी जाते, ते कोणीही टाकेल, खरी गंमत मंदिराच्या पुढे सुरू होते आणि तिथे मोबाईलच्या रेंजचा काही भरवसा नाही. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. ज्यांनी आजवर डोंगर फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलाय त्यांच्यासाठी आहे हे, जे सह्याद्रीत दर रविवारी धावतात त्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

आधी जागा समजून घ्या. चाळीसगावहून साधारण अठरा किलोमीटरवर पाटणादेवी, म्हणजे चंडिकादेवीचं मंदिर. तिन्ही बाजूंनी सातमाळ-अजिंठ्याच्या रांगेचे कडे, मधून डोंगरी नदी, आणि हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, साधारण २६० चौरस किलोमीटर, थोडं आपल्या जळगाव जिल्ह्यात आणि बरंचसं कड्यावर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. म्हणजे तुम्ही खाली खान्देशात नाश्ता करून चढायला लागता आणि वर पोचता तेव्हा मराठवाड्यात असता. औट्रम म्हणजे तोच जेम्स औट्रम, ज्याने १८२५ च्या सुमाराला खान्देशात भिल्लांची पलटण उभी केली, कन्नडच्या घाटाला त्याचं नाव पडलं ते अजून टिकून आहे.

कधी जायचं

शरद म्हटलं की काही जणांच्या डोक्यात काश्मीरचे चिनार येतात, लालभडक झाडं वगैरे. तसलं काही नाहीये इथे. आपला साग पानं टाकतो ती थंडीत. ऑक्टोबरमध्ये त्याच्या पानांना अळ्या लागून गेलेल्या असतात आणि अख्ख्या पानाची नुसती तपकिरी जाळी उरते, ती उन्हाकडे धरून बघा, शिरा न शिरा दिसते, चाळणीच जणू. खाली गवत सोनेरी पडायला लागलेलं, धावडा अंजन अजून हिरवे, कड्याच्या अंगाला कांडोळाचे पांढरेफटक बुंधे, सालईची कागदासारखी सुटत आलेली साल. आणि पाऊस बरा झाला असेल तर ओढ्यांना पाणी असतं, मार्चमध्ये याच जागी नुसते धोंडे असतात.

नवरात्रात जाऊ नका. देवीला जायचं असेल तर जरूर जा, पण चालायला नको, यात्रेची गर्दी, गाड्या, लाऊडस्पीकर, जंगलातलं पाखरूही दिसणार नाही. कोजागिरी होऊ द्या. तिथून पुढे दिवाळी संपून पंधरा-वीस दिवस होईपर्यंतचा काळ मला सगळ्यात आवडतो. एक लक्षात ठेवा, ऑक्टोबरचं ऊन हलकं समजू नका. सकाळी स्वेटर घालावासा वाटतो आणि अकराला डोकं तापतं. पहिल्यांदा येणारे पायांची काळजी करत बसतात, मला चढवेल का, गुडघे दुखतील का. अहो, पाय चालतात हो, इथे माणूस बसतो तो उन्हाने आणि पाण्यावाचून. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

वाटाड्या घ्याच

हे सांगितलं की लोक म्हणतात, गुगल मॅप आहे की. उन्हाळ्यात कदाचित जमेल, वाट उघडी असते. पण पावसाळा संपल्यावर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात खरी पायवाट गडप होते, दिसतात त्या सगळ्या ढोरवाटा. ढोरवाट फसवी असते, मस्त मळलेली, रुंद, आणि दोनशे पावलांवर एकदम काटेरी झुडपात नेऊन सोडते कारण म्हशीला तिथेच जायचं होतं. मी एकदा अशा वाटेने पाऊण तास फिरून परत त्याच दगडावर आलोय, त्या दगडावर मीच टाकलेलं केळ्याचं साल होतं (टाकायला नको होतं, कबूल).

माणूस मिळवायचा कसा, तर आदल्या दिवशी किंवा सकाळी वनखात्याच्या गेटवर विचारा, पाटणे गावात विचारा. अभयारण्य आहे, गेटवर नोंद आणि प्रवेश शुल्क असतं, ते भरा, पावती खिशात ठेवा, कुठे जाणार आणि किती वाजता परत येणार हे तिथे सांगून जा. वाटाड्याशी पैसे आधीच मोकळेपणी ठरवा, उतरल्यावर घासाघीस करू नका, त्या माणसाचा शेतातला एक दिवस गेलेला असतो, तोही कापूस वेचणीच्या दिवसात. आणि त्याच्यासाठी डबा न्या. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतोय.

आमच्यासोबत बहुतेक वेळा येतात ते एक आबा आहेत, साठीच्या पुढचे, पायात टायरची चप्पल, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. काठी टेकायला नसते त्यांची. या दिवसात वाटेवर झाडाझाडांमध्ये मोठमोठ्या कोळ्यांची जाळी असतात, पिवळसर चमकणारी, माणसाच्या तोंडाच्या बरोब्बर उंचीवर. आबा काठीने जाळं अलगद एका बाजूने सोडवतात, कोळी तिकडच्या फांदीवर जातो, आणि आम्ही वाकून निघतो. तोडून टाकत नाहीत. मी विचारलं कशाला एवढा खटाटोप, तर अहिराणीत म्हणाले, "त्यानं घर शे ते." त्याचं घर आहे ते.

महिनाभर आधीची तयारी

जिम वगैरे लागत नाही. रोज पाऊण तास भरभर चाला, जळगावचे असाल तर मेहरूण तलावाला फेऱ्या मारा, धुळ्याचे असाल तर तुमच्यासारखं नशीब नाही, लळिंगचा किल्ला हायवेलाच आहे, दोन रविवार सकाळी चढून उतरून या, पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन. लळिंग चढून दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला की तुम्ही तयार. ज्यांना बीपी, दमा, शुगर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून या आणि ग्रुपमध्ये सांगून ठेवा, लपवू नका, वर जाऊन सांगण्यापेक्षा खाली सांगितलेलं बरं.

बूट, कपडे आणि कुसळं

बूट नवेकोरे नकोत आणि फार जुनेही नकोत. नव्याने फोड येतात हे सगळ्यांना माहीत असतं, जुन्याचं सांगतो. माझे बूट कपाटात चार वर्षं पडून होते, दिसायला एकदम ठणठणीत, मी खूश. ओढा ओलांडला आणि उजव्या बुटाचा तळ फटकन सुटून मगरीच्या जबड्यासारखा उघडबंद व्हायला लागला. बूट नुसते पडून राहिले की त्यातला डिंक वाळतो, मऊ तळ आतून भुगा होतो, वरून काही कळत नाही. आबांनी टॉवेलच्या गाठीतून सुतळी काढली, बुटाला आडवे तीन वेढे, टाचेमागून एक, आणि गाठ वरच्या बाजूला, खाली गाठ आली तर दगडाला घासून तुटते म्हणे. तसाच सहा तास चाललो. तेव्हापासून माझ्या बॅगेत सुतळीचा तोडा असतो आणि निघण्याच्या आठवडाभर आधी मी बूट घालून गच्चीवर उड्या मारतो, घरचे हसतात, हसू देत.

पॅन्ट पूर्ण लांबीची, सुती किंवा लवकर वाळणारी. जीन्स नको, भिजली की लोखंड होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रंग मातकट किंवा हिरवट. टोपी किंवा आपला साधा रुमाल, उपरणं, ओलं करून मानेवर टाकता येतं. मोज्यांचं मात्र नीट ऐका. या दिवसात कुसळी गवत पिकलेलं असतं. कुसळ म्हणजे नुसता काटा नाही, त्याला मागे शेपटी असते, ती ओलावा लागला की पीळ खाते आणि टोक आत आत शिरत जातं, लोकरी किंवा जाड कॉटनच्या मोज्यात शेकड्याने. माणूस दर दहा मिनिटाला खाली बसतो, चार काढतो, चौदा नवीन लागतात. उपाय म्हणजे गुळगुळीत कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, नाहीतर पॅन्टच्या खालच्या टोकावर जुन्या छत्रीचं कापड गुंडाळून दोरीने बांधा. दिसायला विचित्र, पण आमच्या ग्रुपमध्ये आता सगळे तेच करतात.

बॅगेत काय

पाणी माणशी तीन लिटर. दोन नाही, तीन. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं पण वर जनावरं पितात, त्यावर भरवसा ठेवून निघू नका. ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, बॅटरी, शिट्टी, पट्टी, फोडांसाठी चिकटपट्टी, तुमची रोजची औषधं, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

जेवायला माझं मत विचाराल तर दशम्या. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, एक कांदा. ब्रेड-जॅम आणणारे दुपारी आमच्या दशम्यांकडे बघत बसतात. कळण्याची भाकरी आणि भरीत आवडत असेल तर ते परत आल्यावर रात्री खा, वर नेऊ नका, वांगं पोटाला जड आणि डबा तेलाने गळतो. केळी न्या पण मंदिराजवळ बाहेर काढू नका, तिथली वानरं पिशवीची चेन उघडतात, मी डोळ्याने पाहिलंय.

सेंट, डिओ, परफ्यूम अजिबात मारू नका. कारण पुढे येतंय.

प्रत्यक्ष दिवस

मुंबई-भुसावळ लाईनवर चाळीसगाव स्टेशन आहे, धुळ्याहून रेल्वेही आहे. बाहेरगावचे असाल तर आदल्या रात्री चाळीसगावात मुक्काम करा. (वेळ उरला तर स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर-संग्रहालय आहे, जवळजवळ पन्नास वर्षं तो माणूस घराबाहेर पडला नाही आणि घरात बसून जगभर बक्षिसं मिळवणारे फोटो काढले. आपण चालायला आलोय आणि तिथे न चालता जग पाहिलेला माणूस, मला हे फार गमतीचं वाटतं.)

सकाळी साडेसहाला पाटणादेवीला पोचा, सातला पाय उचललेला पाहिजे. नऊला निघालात तर त्या दिवशी फक्त देवीचं दर्शन घ्या आणि घरी जा, सरळ सांगतोय.

सुरुवातीला वाटेत यादवकाळातलं महादेवाचं हेमाडपंती मंदिर लागतं, तिथे दहा मिनिटं काढा. आणि हो, हे पाटण, आजचं पाटणे, म्हणजे भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेलं गाव. भास्कराचार्य म्हणजे १११४ साली जन्मलेले गणिती, 'लीलावती' ग्रंथवाले. त्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि त्या मठाला कोणी काय द्यायचं ते दगडावर कोरून ठेवलं, शके ११२८, म्हणजे साधारण १२०७ साल. वरचा भाग संस्कृतात आणि शेवटच्या ओळी चक्क तेव्हाच्या मराठीत. संशोधक भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. या आडरानात आठशे वर्षांपूर्वी पोरं गणितं सोडवत होती हे डोक्यात ठेवून चाललं की चढ थोडा कमी वाटतो. मला तरी वाटतो.

आता पुढे कुठे जायचं ते वाटाड्याला ठरवू द्या, पण पर्याय माहीत असू द्या. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे आहेत, कन्हेरगड आहे ज्याच्या अंगाला नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी अशी कोरीव लेणी आहेत, आणि पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. नवीन माणूस म्हणतो सगळंच करू. एका दिवसात एकच. लहान मुलं किंवा वयस्कर असतील तर केदारकुंड, जंगलातून ओढ्याकाठची चाल, सावली भरपूर. दम असेल तर पितळखोरा.

चालताना क्रम असा: वाटाड्या पुढे, त्याच्या मागे ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा, आणि सगळ्यात शेवटी एक दमदार माणूस जो कोणालाही मागे ठेवणार नाही. उलटं झालं की तरणी पोरं पुढे पळतात, काकू मागे एकट्या, आणि पंधरा मिनिटांनी हाका मारायची वेळ येते. आबांना कोणी ओव्हरटेक केलं की ते थांबतात आणि तंबाखू मळत बसतात. ओरडत नाहीत. पुढे गेलेला आपोआप परत येतो, कारण पुढे वाटच नसते. मग म्हणतात, "घाई कसाले करतस? डोंगर आठेच शे." घाई कशाला, डोंगर इथेच आहे.

पाणी तहान लागायच्या आधी, अर्ध्या तासाला चार घोट. चढावर बोलता येत नसेल एवढा दम लागला तर वेग जास्त आहे, हळू व्हा. उतारावर पाऊल आडवं टाका, सागाच्या वाळक्या पानांखाली मुरूम असतो, तो बेअरिंगसारखा घसरतो.

गप्पा कमी करा, मग जंगल दिसायला लागतं. मागच्या खेपेला एका वारुळाजवळ आबा थांबले. वारूळ मधोमध फोडलेलं, माती चहूकडे. त्यांनी दोन बोटं आत घातली, चिमूटभर माती चोळून बघितली, ओली होती. वरची माती उन्हाने वाळते, आतली अजून ओली म्हणजे पहाटेचंच काम. अस्वल. पंजाच्या नख्यांच्या रेघा आतल्या भिंतीवर स्पष्ट होत्या, चार-पाच समांतर, बोटभर खोल. आमच्यातला एक जण लगेच सेल्फी काढायला बसला, आबांनी त्याला हात धरून उठवलं आणि तिथून पुढे शंभर पावलं काठी दगडावर आपटत नेली. अस्वल दिसलं पाहिजे अशी इच्छा करू नका, त्याला आपली चाहूल आधी लागलेली बरी. बिबट्याही आहे या जंगलात, तो बहुधा वानरांच्या खक् खक् ओरडण्यातूनच कळतो, वानरं एका दिशेला बघून ओरडत असतील तर वाटाड्या म्हणेल तसं करा.

मोहोळ

अस्वलापेक्षा मला भीती आग्या मोहोळाची वाटते. लेण्यांच्या कड्यांना, उंच कपारींना लटकलेली असतात, काळपट, सुपाएवढी. तिथे आरडाओरडा, धूर, दगड मारणं, शिट्ट्या, फटाके काही नाही, आणि तो परफ्यूम नको म्हटला तो यासाठीच. आबा बोट वर करतात आणि एवढंच म्हणतात, "आते बोलानं नही, वर मोहोळ शे." बस, मग सगळे मुके. समजा उठल्याच माशा, तर हात झटकू नका, तोंड-डोकं कपड्याने झाका आणि लांब पळा, जमेल तितकं दाट झाडीत. खूप ठिकाणी चावल्या तर दवाखाना, घरगुती उपाय करत बसू नका.

सापाचंही तेच. फुरसं, घोणस आहेत, हात न बघता कपारीत घालू नका, बसायच्या आधी काठीने गवत हलवा. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही, माणसाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका, उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा. जिथे रेंज येते ती जागा जाताना बघून ठेवा.

पितळखोरा

पोचलात की आधी सावलीत बसा, पाणी प्या, मग लेणी. चौदा आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या काळातली. दगड ठिसूळ, बरंच कोसळलंय, तरी हत्तींची ती रांग आणि दारातले द्वारपाल बघाच. इथे सापडलेल्या एका यक्षाच्या हातावर कोरलंय की कान्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती घडवली. सोनाराने, दगडात! तो यक्ष आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मधून ओढा आणि दोन्ही अंगाला लेणी, ऑक्टोबरमध्ये पाणी पडताना तिथे बसून दशमी खाण्यासारखं सुख नाही.

वरून कन्नडच्या बाजूने पायऱ्या आहेत, गाडी जवळ येते, त्यामुळे कोणी थकलं असेल तर वरून बाहेर काढता येतं, पण गाडी घाटाने फिरून यायला वेळ लागतो, घाटात ट्रॅफिक लागलं तर विचारू नका. ते आधीच ठरवून ठेवा.

परत फिरायची वेळ वाटाड्या सांगेल ती. एकदा लेणी पन्नास पावलांवर असताना आबा म्हणाले चला मागे, ढग येताहेत. आमच्यातले दोघं भांडले. परतीचा पाऊस होता, आम्ही ओढा ओलांडला आणि वीस मिनिटांत तो गुडघ्याचा कमरेला आला. भांडणारे दोघं गाडीत चूप बसले होते.

अंधाराच्या आत गेटबाहेर. आल्याची नोंद सांगा. आग पेटवणं, दारू, प्लास्टिक टाकणं, परवानगीशिवाय मुक्काम किंवा ड्रोन, हे अभयारण्यात चालत नाही, एवढं एका वाक्यात पुरे.

घरी गेल्यावर अंघोळीआधी काखेत, गुडघ्यामागे, कमरेला गोचीड बघा, चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, तेल-काडी लावू नका. आणि कुसळं भरलेले मोजे तसेच मशीनमध्ये टाकू नका. मी टाकले होते. पुढचे दोन आठवडे घरात ज्याला त्याला बनियनमध्ये काहीतरी टोचत होतं, आणि दादांनी शेवटी एक कुसळ चिमट्यात धरून जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवलं, काही बोलले नाहीत.